अर्ध्या सेकंदातली देवघेव

लंडनच्या भुयारी रेल्वेत संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की फाटकांपुढे माणसांचा लोंढा येतो. एकजण थबकला की त्याच्यामागे रांग खोळंबते. म्हणूनच तिथल्या वाहतूक संस्थेने प्रवाशांच्या खिशातली बँकेची कार्डं थेट फाटकावर चालवायचं ठरवलं तेव्हा एक अट कडक ठेवली. कार्ड टेकल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत निकाल लागला पाहिजे. डिसेंबर २०१२मध्ये बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४मध्ये भुयारी रेल्वेत ही सोय सुरू झाली. पुण्यातल्या किराणा दुकानात किंवा पणजीच्या पेट्रोल पंपावर आज टॅप केलं जातं ते कार्ड याच जातीचं आहे.

त्या अर्ध्या सेकंदात विजेविना निपचित पडलेला एक संगणक सुरू होतो, समोरच्या यंत्राशी ओळखपाळख करतो, आपण खरे असल्याचा पुरावा गणिताने मांडतो आणि पुन्हा बंद पडतो. हा संगणक पाऊण मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमध्ये बसवलेला आहे. त्याला बॅटरी नाही, बटण नाही. कार्डावरच्या चार कमानींच्या खुणेमुळे पुष्कळ ठिकाणी त्याला ‘वायफायवालं कार्ड’ म्हणतात, पण वायफायशी त्याचा काही संबंध नाही. कार्ड इंटरनेटला कधीच जोडलेलं नसतं.

फिकट रंगाचं एखादं कार्ड मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहावं. कडेकडेने फिरणारी एक काळसर रेघ दिसते. डोळे बारीक करून पाहिलं तर ती एक रेघ नसते, शेजारी-शेजारी धावणाऱ्या काही रेघा असतात. ही कार्डाची अँटेना, म्हणजे तांब्याच्या बारीक तारेची काही वेढ्यांची चपटी गुंडाळी. कार्ड वरून अखंड वाटलं तरी ते प्लास्टिकचे पातळ थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून बनवतात, आणि गुंडाळी त्यातल्या मधल्या थरात बसवतात. जुन्या पद्धतीच्या कार्डात तारेची दोन टोकं चिपला जोडलेली असतात. कार्ड मागच्या खिशात वाकत राहिलं की हा सांधा निखळतो. मग टॅप होत नाही, पण तेच कार्ड यंत्राच्या खाचेत घातलं तर बिनतक्रार चालतं. नव्या पद्धतीत चिपच्या सोनेरी चौकटीच्या पाठीवरच एक चिमुकली गुंडाळी असते. ती मोठ्या गुंडाळीला स्पर्श न करता तिच्याकडून वीज घेते. तुटायला तिथे सांधाच नसतो.

ही वीज येते समोरच्या यंत्रातून. यंत्रातही एक गुंडाळी असते आणि तिच्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं करणारा प्रवाह फिरत असतो. त्यामुळे गुंडाळीभोवती तितक्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवून दिलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीतलं रोहित्र ज्या नियमाने चालतं, त्याच नियमाने कार्डाची चिप जागी होते. तिला फार काही लागत नाही, काही मिलिवॉटवर तिचं भागतं. कार्डाची गुंडाळी आणि चिपमधलं छोटं धारित्र यांची जोडी यंत्राच्या वारंवारतेशी जुळवलेली असते. या अनुनादामुळे थोडक्या क्षेत्रातूनही पुरेसा विद्युतदाब मिळतो. शिवाय यंत्राच्या आवर्तनांवरून चिप आपलं घड्याळही चालवते. वीज यंत्राची, ठेकाही यंत्राचाच.

कार्ड इतकं जवळ का न्यावं लागतं, याचं उत्तर इथेच आहे. १३.५६ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर सुमारे २२ मीटर लांबीची असते. चार-पाच सेंटिमीटर अंतरावर रेडिओच्या लहरींना महत्त्व नसतं, तिथे काम करतं ते गुंडाळीला चिकटून असलेलं चुंबकीय क्षेत्र. ते फार झपाट्याने विरतं. गुंडाळीपासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. पैसे घेणाऱ्या यंत्रांचा पल्ला मुद्दामच सुमारे चार सेंटिमीटर ठेवलेला आहे.

चिप जागी झाली, पण ती बोलणार कशी? स्वतःचं रेडिओ प्रक्षेपण करण्याइतकी ताकद तिच्याकडे नाही. इथे अभियंत्यांनी लढवलेली युक्ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. खेड्यात विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला बल्ब मंदावतो. मोटार दिसत नाही, तिचा आवाज येत नाही, तरी ती सुरू झाल्याचं घरात बसून कळतं. कार्ड नेमकं हेच करतं. ते यंत्राकडून घेत असलेल्या विजेचा भार क्षणात वाढवतं, क्षणात कमी करतं. हा चढउतार यंत्राच्या गुंडाळीत उमटतो आणि यंत्र तो वाचतं. भाराची ही उघडझाप सेकंदाला सुमारे साडेआठ लाख वेळा होते आणि तिच्या असण्यानसण्यातून शून्य-एकची भाषा तयार होते. यंत्राला कार्डाशी बोलायचं असतं तेव्हा उलटा प्रकार. कार्डांच्या एका प्रचलित प्रकारात यंत्र आपलं क्षेत्रच दोन-तीन मायक्रोसेकंद बंद करतं. तेवढ्या अंधारात चिप साठवून ठेवलेल्या चिमूटभर विजेवर तग धरते.

स्वतःची वीज नसलेल्या वस्तूने दुसऱ्याच्या ऊर्जेवर बोलावं, ही कल्पना कार्डांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ऑगस्ट १९४५मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतले अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेची राजमुद्रा कोरलेली लाकडी ढाल भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली आणि जवळपास सात वर्षं तिथे राहिली. तिच्या पोटात लिऑन थेरेमिन या संशोधकाने बनवलेलं एक ऐकणारं उपकरण होतं. त्यात ना बॅटरी होती ना तार. बाहेरून रेडिओ लहरींचा झोत सोडला की खोलीतल्या आवाजानुसार बदललेली लहर परत येत असे. झोत बंद असताना ते उपकरण निर्जीव धातूचा तुकडा होतं, म्हणून तपासणी करणाऱ्यांना सापडत नव्हतं. १९५२मध्ये ते अखेर उघडकीला आलं. टेबलावर पडलेलं बँकेचं कार्डही असंच निर्जीव असतं.

आता संभाषण. यंत्र सतत एक छोटी हाक देत असतं, ‘इथे कुणी आहे का?’ कार्ड ‘आहे’ म्हणतं आणि एक क्रमांक सांगतं. पाकिटात दोन कार्डं असली तर दोघंही एकदम उत्तर देतात आणि उत्तरं एकमेकांत मिसळतात. वेगवेगळ्या क्रमांकांवरून एकेकाला वेगळं काढण्याची रीत मानकात आहे, पण पैशांच्या यंत्रांना अंदाज बांधायची मुभा नाही. त्यांनी ‘एकच कार्ड दाखवा’ असं म्हणून थांबायचं असतं. लंडनमध्ये पाकीटच फाटकावर टेकवणाऱ्या प्रवाशांचं भाडं भलत्याच कार्डातून जाऊ लागलं, तेव्हा कार्ड पाकिटातून काढून दाखवा, असं वाहतूक संस्थेला जाहिराती करून सांगावं लागलं.

यानंतर यंत्र विचारतं, तुझ्याकडे पैसे देण्याच्या कोणत्या व्यवस्था आहेत? कार्ड रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांपैकी जी असेल तिचा ठरलेला क्रमांक देतं. मग यंत्र व्यवहाराचा तपशील पुढे करतं. त्यात रक्कम असते, तारीख असते, चलनाचा क्रमांक असतो (रुपयाचा ३५६), आणि यंत्राने त्याच क्षणी मनाला येईल तसा निवडलेला एक आकडा असतो. या शेवटच्या आकड्याला फार महत्त्व आहे, कारण तो आधी कुणालाच माहीत नसतो.

कार्ड आता हिशोबाला बसतं. चिपच्या आत एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. बँकेच्या मुख्य किल्लीपासून, त्या कार्डाच्या क्रमांकाच्या आधारे ती तयार केलेली असते आणि कार्ड बनवताना एकदाच चिपमध्ये भरलेली असते. त्यानंतर ती चिपच्या बाहेर कधीच येत नाही. यंत्राला, दुकानदाराला किंवा खुद्द कार्डधारकालाही ती वाचता येत नाही. चिपमध्ये एक मोजणीही असते. प्रत्येक व्यवहाराला ती एकाने पुढे सरकते आणि कधी मागे येत नाही. रक्कम, तारीख, चलन, यंत्राचा आकडा आणि ही मोजणी एकत्र घेऊन चिप त्यांच्यावर किल्लीने गणिती प्रक्रिया करते आणि ६४ बिटांचा एक शिक्का तयार होतो. रकमेत एका रुपयाचा फरक पडला तरी शिक्का पार बदलतो. बँकेकडे मुख्य किल्ली असल्याने ती तोच हिशोब आपल्या बाजूला करून शिक्का ताडून पाहते. जुळला तर मंजूर.

हा शिक्का फक्त त्या एका व्यवहारापुरता असतो. कुणी तो वाटेत टिपून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वापरायला गेला, तर मोजणी जुनी निघते आणि यंत्राचा आकडाही जुळत नाही.

याउलट पूर्वीच्या कार्डांच्या पाठीवरची काळी चुंबकीय पट्टी प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर तेच सांगत असे. हॉटेलातल्या वेटरने कार्ड आत नेलं आणि छोट्या यंत्रातून एकदा सरकवलं, की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर त्याची हुबेहूब नक्कल उमटवता येई. भारतात या प्रकाराने खूप माणसांचं नुकसान केलं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने निव्वळ पट्टीवर चालणारी कार्डं बदलून चिपची कार्डं देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८पर्यंतची मुदत दिली होती.

चिप असली म्हणजे सगळं सुरक्षित, असं मात्र नाही. प्रवासाच्या कार्डांसाठी मायफेअर क्लासिक नावाची चिप जगभर खपली. लंडनच्या ऑयस्टर कार्डात ती होती, नेदरलँड्सच्या प्रवास कार्डातही होती. तिची कूटपद्धत ती बनवणाऱ्या कंपनीने गुप्त ठेवली होती आणि किल्ली अवघी ४८ बिटांची होती. २००७च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी दाखवून दिलं, की चिपचे थर एकेक करून घासून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रं घेतली, तर गुप्त पद्धत उलगडता येते. पाठोपाठ नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढचं काम केलं. त्यांचा निबंध छापला जाऊ नये म्हणून कंपनी न्यायालयात गेली. जुलै २००८मध्ये न्यायालयाने मनाई नाकारली आणि निबंध छापला गेला. न्यायालयाचा हा निर्णय योग्यच होता. जिच्यातल्या उणिवा लपवाव्या लागतात त्या पद्धतीवर लोकांचा पैसा ठेवू नये. बँकांच्या कार्डांची पद्धत युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांच्या सहकार्यातून १९९०च्या दशकात घडली आणि तिचं तपशीलवार मानक आज कुणालाही वाचता येतं. गुप्त असतात त्या फक्त किल्ल्या.

लंडनच्या फाटकाला आणखी एक अडचण होती. अर्ध्या सेकंदात बँकेला विचारून उत्तर मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे फाटक बँकेला न विचारताच कार्डाचा खरेपणा तपासतं. कार्डाजवळ दुसऱ्या प्रकारची किल्ली असते, तिने ते सही करतं. सही पडताळण्याची जाहीर किल्ली बँकेने प्रमाणित केलेली असते, बँकेला कार्ड संघटनेने प्रमाणित केलेलं असतं, आणि संघटनेची जाहीर किल्ली फाटकात आधीच भरलेली असते. ही साखळी जुळली आणि कार्ड अडवायच्या यादीत नसलं की फाटक उघडतं. भाडं किती, हे त्या क्षणी ना फाटकाला ठाऊक असतं ना कार्डाला. दिवसभरातले सगळे टॅप गोळा करून हिशोब नंतर होतो आणि दिवसाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेतले जात नाहीत.

भारताने त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. मार्च २०१९मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात पैशांची एक छोटी थैली चिपमध्येच असते. तिच्यात जास्तीत जास्त दोन हजार रुपये राहतात. मेट्रोच्या फाटकावर पैसे या थैलीतून तिथल्या तिथे वळते होतात, त्यासाठी नेटवर्कची गरज पडत नाही. पुणे मेट्रोचं आणि मुंबईतल्या मेट्रोचं या पद्धतीचं कार्ड अनेकांच्या खिशात आहे. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट राहावी. या थैलीतले पैसे नोटांसारखे कार्डासोबत फिरतात, खात्यातल्या शिलकीसारखे बँकेत बसून राहत नाहीत.

गणित भक्कम आहे, मग दुबळी जागा कोणती? कार्डाला एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे मालकाची इच्छा. समोर यंत्र आलं, वीज मिळाली, की ते प्रामाणिकपणे उत्तर देतं. गेरहार्ड हँके यांनी २००५मध्ये केंब्रिजमध्ये हेच वापरून दाखवलं. एक उपकरण कार्डाजवळ आणि दुसरं यंत्राजवळ ठेवून त्यांनी दोघांमधलं बोलणं रेडिओने ५० मीटरपर्यंत पोचवलं. कूट कुठेच फोडावं लागलं नाही, कारण कार्डही खरं होतं आणि यंत्रही खरं. यावर उपाय आहे तो वेळ मोजण्याचा. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जातो आणि मधली उपकरणं त्याहून कितीतरी जास्त वेळ खातात. उत्तर उशिरा आलं तर कार्ड जवळ नाही, असं यंत्राने मानायचं. मास्टरकार्डने असा बंदोबस्त आपल्या पद्धतीत आणला आहे.

२०२०मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या डेव्हिड बेसिन, राल्फ सासे आणि होर्हे तोरो-पोसो यांनी आणखी गंभीर उणीव उघड केली. व्हिसा कार्डाने यंत्राला पाठवलेल्या उत्तरातला एक छोटा भाग सहीच्या संरक्षणाबाहेर राहिला होता. दोन मोबाइल मध्ये घालून तो भाग बदलला, की यंत्राला वाटे ग्राहकाची ओळख आधीच पटली आहे. मग पिनशिवायच्या टॅपच्या मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेलाही पिन मागितला जात नसे. संशोधकांनी स्वतःच्याच कार्डांवर खऱ्या दुकानांत हे करून दाखवलं.

गर्दीत कुणीतरी यंत्र खिशाला लावून पैसे काढून घेतो, अशा चित्रफिती मोबाइलवर फिरतात आणि लोक धास्तावतात. त्या भीतीला थोडा आधार आहे, पण थोडाच. पैसे घेणारं यंत्र मिळवायला बँक खातं आणि कागदपत्रं लागतात. पैसे त्याच खात्यात जातात आणि त्याचा माग काढता येतो. नुसतं वाचक उपकरण लावलं तर कार्डाचा क्रमांक आणि मुदत कळू शकते, पण पाठीवर छापलेले तीन आकडे कळत नाहीत आणि भारतात ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी आणखी एक पडताळणी लागते. वाचण्याचा पल्ला किती वाढवता येतो, याचा एक प्रयोग इस्रायलमध्ये २००६मध्ये झाला होता. मोठी गुंडाळी वापरून संशोधक सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत पोचले. धातूचं अस्तर असलेलं पाकीट वापरलं तर चुंबकीय क्षेत्र अडतं, एवढं खरं आहे.

मोठी लूट वेगळ्याच ठिकाणी होऊ शकते आणि ते पुण्याने पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा नक्कल केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. चोरांनी बँकेच्या संगणकांत शिरून मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केली होती. पैसे काढण्याची विनंती खऱ्या बँकेपर्यंत पोचतच नव्हती, बनावट यंत्रणाच ‘मंजूर’ म्हणत होती. शिक्का ताडून पाहणाराच बदलला तर चिपमधली किल्ली कितीही पक्की असून उपयोग नाही. कार्डाच्या सुरक्षेचा निम्मा भाग बँकेच्या इमारतीत असतो, आणि तिथल्या ढिलाईचा जाब ठेवीदारांनी विचारलाच पाहिजे.

उरलेला भाग कार्डधारकाच्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेने मे २०१५मध्ये पिनशिवायच्या टॅपला दोन हजारांची मर्यादा घातली होती. १ जानेवारी २०२१पासून ती पाच हजार झाली. पण ही कमाल मर्यादा आहे, ती पूर्ण वापरायलाच हवी असं नाही. ऑक्टोबर २०२०पासून नवं कार्ड हाती येतं तेव्हा टॅपची आणि परदेशी व्यवहारांची सोय बंदच असते, ती आपण सुरू करायची असते आणि मर्यादाही आपण ठरवायची असते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर हे सगळं मिळतं. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं कार्ड वापरतात, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून ही मर्यादा त्यांच्या रोजच्या खर्चाइतकी करून द्यावी. कार्ड हरवलं तर शोधाशोध करत बसू नये, आधी ॲपमधून टॅप बंद करावं आणि लगेच बँकेला कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. बँकेची किंवा आपली चूक नसताना कुणी तिसऱ्याने खात्यातून पैसे काढले असतील, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार करावी. तशी तक्रार केली तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. तक्रारीचा क्रमांक मात्र मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.